मुंगीचा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. जुना म्हणतोय, जीर्ण नव्हे. हा फरक आधीच ध्यानात घ्या, मित्रांनो. कुत्र्याच्या गळ्यात असतो तो मी नाही. मी हातातला. चार हात लांब, अंगठ्याएवढा रुंद, एका टोकाला मुठीत धरायचा वेढा आणि दुसऱ्या टोकाला पितळी आकडा. एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला जनावर आणि मध्ये मी. त्यामुळे दोघांच्या मनात काय चाललंय ते मला जरा लवकरच कळतं.

मला घडवलं ते घोड्यांचे लगाम शिवणाऱ्या एका कारागिरानं. घोडे कमी झाले, लगामांना गिऱ्हाईक उरलं नाही, म्हणून तो कुत्र्यांचे पट्टे करू लागला. पण हात लगामाचाच राहिला. त्यानं मला जाड चामड्यातून एकसंध कापलं, कडा घासून गोल केल्या, आरीनं भोकं पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं दुहेरी शिवण घातली. त्याची बायको म्हणाली, "कुत्र्याच्या पट्ट्याला एवढं कशाला? कोण बघतंय?"

"ओढ ती ओढच," तो म्हणाला. "घोड्याची काय नि कुत्र्याची काय."

मग त्यानं माझं एक टोक खिडकीच्या गजाला अडकवलं आणि दुसऱ्या टोकाला स्वतः लोंबकळला. गज वाकला. मी होतो तसाच होतो.

दुकानात मला फार दिवस टांगून घ्यावं लागलं नाही. एका संध्याकाळी गणवेशातला एक बसचालक आणि त्याची नऊ वर्षांची मुलगी आत आली. मुलीच्या ओंजळीत एक पिल्लू होतं. दुकानदारानं पिल्लाचे पंजे उलटसुलट पाहिले आणि सरळ मला खाली काढलं.

"एवढ्याशा जिवाला एवढा पट्टा?" बाबा हसले.

"पंजे बघा, साहेब. ही वाढणार. तुम्ही घर मोठं करायला घ्या."

मुलीचं लाडाचं नाव टिकली. तिनं पिल्लाचं नाव ठेवलं मुंगी. पुढचा विचार कुणीच केला नाही. दीड वर्षात मुंगीचं डोकं बाबांच्या कमरेला लागलं. "बाजूला व्हा, मुंगी येतेय" असं टिकली जिन्यात ओरडायची, तेव्हा नवखी माणसं फरशीकडे बघायची आणि मग एकदम भिंतीला चिकटायची.

घर चौथ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि चिंचोळी गॅलरी. मुंगी नुसती वळली तरी शेपटीनं टेबलावरचे कप साफ. पण ते दिवस मजेचे होते. संध्याकाळी बाबा तिला फिरवायचे, सकाळी आई. आई कवळ्या बनवायच्या कार्यशाळेत कामाला होती. एकेक दात कोरून, घासून हिरडीत बसवायचा म्हणजे बोटं किती हलकी हवीत, विचार करा. त्या हलक्या बोटांत मी असायचो. रस्त्यातली माणसं म्हणायची, "कुत्रं काय दांडगं आहे! पण पट्टाही दणकट हं!" मी मनातल्या मनात फुगून जायचो.

एक चूक मात्र रोज होत होती. मुंगी ओढायची म्हणून आई मला हाताभोवती दोन वेढे घालून घट्ट धरायची. आईनं घट्ट धरलं की मुंगी जास्त ओढायची. मुंगी जास्त ओढायला लागली की आई आणखी घट्ट धरायची. मी सतत ताणलेला. मला वाटायचं, हेच आपलं काम, आणि आपण ते चोख करतोय.

एका सकाळी कोपऱ्यावर उभ्या असलेल्या गाडीखालून मांजर सुटलं. मुंगी झेपावली. आईला हात सोडवायला वेळच मिळाला नाही. ती पदपथाच्या कडेवर आडवी पडली आणि मनगटातून काड्कन आवाज आला. मी तुटलो नाही. मित्रांनो, त्या क्षणीसुद्धा मला त्याचा अभिमान वाटला होता. दवाखान्यातून आई प्लास्टर घालून घरी आली, तेव्हा तो अभिमान पार उतरला. मी तुटलो असतो तर तिचा हात वाचला असता.

दोन महिने आईचं काम बंद राहिलं. मला दारामागच्या खिळ्यावर, छत्र्यांच्या मागे टांगलं गेलं. माझ्या जागी प्लास्टिकच्या डबीतून बारीक दोरी बाहेर येते तसलं एक नवं यंत्र आलं. बाबांची पाळी कधी पहाटेची, कधी दुपारची. जाता-येता मुंगीला दहा मिनिटं खाली न्यायचं नि परत आणायचं, एवढंच त्यांच्या हातून होई. प्लास्टर निघालं, आई कामावर जाऊ लागली, पण मुंगीला फिरवायचं नाव काढलं की तिला काहीतरी दुसरं काम आठवायचं.

मी खिळ्यावरून सगळं ऐकत होतो. घरात कुणी नसलं की मुंगी दारापासून गॅलरीपर्यंत आणि गॅलरीपासून दारापर्यंत येरझारा घालायची. नखं फरशीवर टक टक टक. लिफ्ट थांबली की भुंकणं, लिफ्ट निघाली की रडणं. तिनं खुर्चीचा पाय खाल्ला. मग टिकलीचं दप्तर खाल्लं. इमारतीच्या चिटणिसांचं पत्र आलं: महिन्याभरात बंदोबस्त करा, नाहीतर कुत्री इमारतीत ठेवता येणार नाही.

बाबा वाईट नव्हते, थकलेले होते. ते म्हणाले, "माझ्या चुलतभावाचं शहराबाहेर गोदाम आहे. त्याला राखणीला कुत्रं हवंच आहे. एक तारखेला तिला तिकडे सोडतो."

"तिथं तिला मोकळं ठेवतील?" टिकलीनं विचारलं.

बाबांनी चिटणिसांच्या पत्राची घडी घातली.

"बांधून ठेवतील ना? सांगा ना, बाबा."

"दिवसा बांधावंच लागेल, बाळा. मालाच्या गाड्या येतात-जातात." त्यांनी आईकडे पाहिलं. आई मुंगीच्या कानामागे बोटं फिरवत राहिली.

दुसऱ्याच दिवशी दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरचे काका आले होते. एकतीस वर्षं गोदीत क्रेन चालवून निवृत्त झालेले. सगळी इमारत त्यांना क्रेनकाका म्हणायची. चिटणिसांकडे पहिली तक्रार त्यांनीच केली होती.

"तुमची ही मुंगी रोज माझ्या डोक्यावरून दहा कोस चालते," ते आईला म्हणाले. "मला एवढंच विचारायचंय, तेच चालणं रस्त्यावर का नाही चालत?"

आई म्हणाली, "मला भीती वाटते, काका."

हे तिनं घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. टिकलीनं वहीतून मान वर केली.

"ती ओढेल, मी पुन्हा पडेन. हा हात पुन्हा गेला तर माझं काम गेलं."

काका आत येऊन बसले. "त्या दिवशी पट्टा कसा धरला होता? करून दाखवा."

आईनं टॉवेल घेऊन हाताभोवती दोन वेढे घातले.

"वा! म्हणजे तुम्ही स्वतःलाच तिला बांधून घेतलं होतं. मग ती जाईल तिकडे तुम्ही जाणारच की." काका सरसावून बसले. "गोदीत वीस टनांची पेटी हवेत झुलायला लागली ना, की नवशिका तिला उलटीकडे खेचतो. ती आणखी झुलते. झुलतं वजन खेचून थांबत नाही, बाई. ते जिकडे जातंय तिकडे जरा त्याच्याबरोबर जायचं. दोराचा ताण गेला की मग वळवायचं. पट्टा कुठाय?"

टिकलीनं ते डबीचं यंत्र आणलं. "ही काय मासे धरायची दोरी आहे?" म्हणत काकांनी ते बाजूला ठेवलं. मग टिकलीनं छत्र्यांच्या मागून मला काढलं. काकांनी माझी एकेक शिवण अंगठ्यानं चाचपली, आकडा उघडून पाहिला, मिटून पाहिला. "हा चांगला आहे," ते म्हणाले. पुष्कळ महिन्यांनी कुणीतरी मला चांगला म्हटलं होतं.

"मग काका, तुम्हीच फिरवा ना तिला," टिकली म्हणाली.

"मी? छे! मला कुत्री आवडत नाहीत. मला दुपारची झोप आवडते. तुमची कुत्री तुम्हीच फिरवायची."

पहिला धडा मुंगीशिवाय झाला. काकांनी माझा आकडा आपल्या हातात घेतला, वेढा आईच्या मुठीत दिला आणि चौथ्या मजल्याच्या बोळात ते पुढे चालू लागले. "मी मुंगी. चला." मध्येच ते डावीकडे झेपावले. आईनं सवयीनं मागे खेचलं. "चुकलं! बरोबर या... आता वळा... हां!" शेजारच्या बाई कचऱ्याचा डबा घेऊन दारात आल्या आणि बघतच राहिल्या.

"काय चाललंय, काका?"

"मी कुत्रा आहे," काका न हसता म्हणाले. "मध्ये बोलू नका."

आई इतकी हसली की मी तिच्या मुठीतून गळून पडलो. त्या हसण्यानं अर्धं काम झालं असं माझं मत आहे.

तीन दिवस बोळ, मग चार दिवस इमारतीचं आवार, आता खऱ्या मुंगीबरोबर. आठव्या सकाळी आईनं मला उचललं आणि रस्त्यावर पाऊल टाकलं. बाबा गणवेशात, वीस पावलं मागे, जणू काही योगायोगानंच तिकडे निघाले होते. कोपऱ्याच्या अलीकडे कचऱ्याच्या गाडीनं लोखंडी पेटी धाडकन खाली आपटली. मुंगी दचकून रस्त्याकडे उसळली. बाबा धावले. पण आईनं खेचलं नाही. ती मुंगीबरोबर दोन पावलं गेली, माझ्यातला ताण ओसरू दिला आणि "मुंगी, इकडे" म्हणत पदपथाकडे वळली. मुंगीही वळली. येऊन आईच्या मांडीला अंग घासून उभी राहिली. मी दोघींच्या मध्ये सैल लोंबत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच मला काही करावं लागलं नव्हतं, आणि तेच माझं सर्वांत उत्तम काम होतं.

आई तिथंच एका दुकानाच्या पायरीवर बसली. "बघितलंत?" ती बाबांना म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि बस गाठायला उलट्या दिशेनं पळाले.

पुढचं आम्ही आमचं शिकत गेलो. पळवल्यानं मुंगी जेवढी दमायची त्याहून जास्त ती वास घेऊन दमायची, हे टिकलीच्या लक्षात आलं. मग सकाळचा पाऊण तास मुंगीचा ठरला. तिला एखाद्या झाडाच्या बुंध्याशी चार मिनिटं थांबायचं असेल तर चार मिनिटं थांबायचं, घड्याळाकडे बघायचं नाही. कामावर जाताना आई तिचा खाऊ पुठ्ठ्याच्या खोक्यांत, कागदाच्या बोळ्यांत लपवून ठेवू लागली. मुंगी तो दुपारभर हुडकत बसायची. फरशीवर जाड सतरंजी पसरली. लिफ्टमध्ये शिरल्यावर कोपऱ्यात बसायचं आणि सगळे उतरल्यावरच उठायचं, हे तिला टिकलीनं शिकवलं. गर्दीतली माणसं घाबरतात ती वजनाला नाही, धक्क्याला. धक्का बसला नाही की तीच माणसं "कशी आहेस गं मुंगी?" विचारतात.

महिना संपला त्या दुपारी चिटणीस कागद घेऊन आले. त्यांनी घंटी वाजवली. आत शांतता. पुन्हा वाजवली. दार बाबांनी उघडलं.

"कुत्री पाठवलीत वाटतं गोदामावर?" चिटणीस म्हणाले. "बरं केलंत. उगाच वाईट वाटून घेऊ नका."

बाबांनी दार पूर्ण उघडलं. मुंगी सतरंजीवर चारी पाय पसरून, पुठ्ठ्याच्या तुकड्यांमध्ये घोरत होती. चिटणीस तिच्याकडे बघत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "झोपू द्या, झोपू द्या," आणि चपला हातात घेऊन जिना उतरले. त्यांनी कागदाचं पुढे काय केलं ते मला ठाऊक नाही. तो आमच्याकडे आला नाही, एवढं खरं. क्रेनकाकांनी नवी तक्रार केली ती टिकलीच्या दोरीवरच्या उड्यांची.

आता मुंगी नऊ वर्षांची आहे. मोठ्या कुत्र्यांसाठी हे वय थोडं नव्हे. तोंडाभोवती पांढरं झालंय, चाल मंदावली आहे. माझी शिवण दोनदा नव्यानं घातली, आकडा एकदा बदलला. दर महिन्याला बाबा मला तेल चोळतात आणि म्हणतात, "तू आम्हाला पुरून उरणार." उरेनही.

मित्रांनो, एवढं मोठं कुत्रं शहरात सुखी राहतं का, असं लोक मला बघून विचारतात. राहतं. मी छातीठोकपणे सांगतो, अगदी दोन खोल्यांतही राहतं. त्याला तुमचं अंगण नको असतं, तुमचा वेळ हवा असतो. आणि तो रोज हवा असतो, रविवारी एकदम साठवून दिलेला चालत नाही. एवढं देता येणार नसेल तर पिल्लू कितीही गोड असलं तरी आणू नका. आणि आणलंत, तर ते उठून दाराशी येऊन उभं राहील तेव्हा तुम्हीही उठा. बाकीचं आम्ही पट्टे बघून घेऊ.