तिसऱ्या मजल्यावरच्या चिठ्ठ्या

सोमवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावर एकाचाही कॉम्प्युटर उघडेना. चाळीस पोरंपोरी कपाळ चोळत बसली होती आणि मधोमध वेणूबाई झाडू घेऊन उभी होती.

"आमच्या चिठ्ठ्या कुठे आहेत, वेणूबाई?" आमोदसाहेबांनी विचारलं. हे त्या मजल्याचे मुख्य. माणूस पेठेतला, आवाज न चढवता सोलून काढणारा.

"जाळल्या."

"जाळल्या. उत्तम. थंडी फार पडली होती का?"

"न्हाय वो सायब, आंघुळीच्या पाण्याखाली घातल्या."

कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. "नवीन पासवर्ड देणारा माणूस कर्वेनगरहून निघालाय आणि वाकडला गर्दीत अडकलाय. तोवर कंपनीनं भजन करायचं की काय? आपण उद्यापासून आला नाहीत तरी चालेल."

हिंजवडीत आज जिथं ही काचेची इमारत आहे, तिथं वेणूबाईच्या सासऱ्याचा भात पिकायचा. काळीभोर चिकट जमीन, चिखलणीला उतरलं की पाय ओढून काढावा लागायचा. ती गेली. राहिले ओढ्याकाठचे चार गुंठे. ते सकाळी भांगलून ती नऊच्या ठोक्याला झाडू हातात घ्यायची. नवरा वारल्यापासून घर ह्या झाडूवर चाललं होतं. नोकरी सुटली तर दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जायचं, आणि हिंजवडीत आता बांध तरी कुठं उरले होते?

चिठ्ठ्यांची गोष्ट अशी, की पासवर्ड दर महिन्याला बदला, त्यात आकडे घाला, चिन्हं घाला, असा कंपनीचा हुकूम होता. पोरांनी तो अक्षरशः पाळला आणि लक्षात राहीना म्हणून पासवर्ड पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहून कीबोर्डखाली चिकटवला. साहेबांचीही चिठ्ठी होतीच. वेणूबाईला इंग्रजी येत नव्हतं, पण पूर्वा नावाच्या पोरीनं तिला एकदा बजावलं होतं, "मावशी, पुसताना ही काढू नका हां, ही माझ्या कॉम्प्युटरची किल्ली आहे."

तीच पूर्वा आता पुढं आली. "सर, मावशी उगाच काही करायच्या नाहीत. विचारा तरी."

"विचारतो. का जाळल्यात?"

मग वेणूबाईनं झाडू भिंतीला टेकवला आणि पदर खोचला.

"सायब, शनिवारी हितं चिटपाखरू नव्हतं. म्या फरशी पुसत हुते. तर एक पाव्हणा आला, गार हवेची एशी दुरुस्त कराया. गळ्यात पट्टा, हातात पेटी. खालच्या वाचमन महिपतीनं त्येला चा पाजून वर धाडला. म्या म्हणलं, करंना का काम. पण एशी छताला, आन ह्यो बाबा टेबलाखाली वाकून बघतोय! कीबोर्ड उचलतोय, वहीत लिवतोय. म्या इचारलं, कुठलं गाव? तर म्हणतो, करंजवाडी."

"त्यात काय?"

"आता काय सांगू! करंजवाडी माजं म्हायेर. म्हणलं, कुणाच्यातला? तर म्हणतो, शिंद्यांचा. आवो, शिंद्यांच्या खांद्याबिगर आमच्या भैरोबाची पालखी हालत न्हाय, आन शनिवारी पालखी हुती! मुंबैचा शिंदा बी रजा टाकून येतो. आन ह्यो शिंदा पालखी सोडून हितं पेटी घिऊन? म्या त्येची वही वढली, झाडू उगारला आन जिन्यापातुर हाकलला. मग वाटलं, ह्यो परत आला तर? समद्यांच्या किल्ल्या कुलपाशेजारीच टांगल्याल्या. गोळा केल्या आन घातल्या चुलीत. वही बी घातली."

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि कडक इस्त्रीच्या सदऱ्यातला एक माणूस बाहेर आला. त्याला बघताच वेणूबाईनं झाडू पुन्हा उचलला.

"ह्योच! ह्योच त्यो शिंदा!"

"मावशी, थांबा, मारू नका!" त्यानं हातातली फाईल डोक्यावर धरली. "मी श्यामसुंदर. मला तुमच्याच मुख्य कचेरीनं पाठवलंय. कंपनीतली गुपितं बाहेरच्या माणसाला किती सहज मिळतात, ते तपासायला. गावाचं नाव मी एसटीच्या पाटीवर वाचलं होतं."

"पाटी वाचून कुनी शिंदा हुतो व्हय?"

श्यामसुंदरनं फाईल उघडली. "पहिल्या मजल्यावर एकतीस पासवर्ड मिळाले, दुसऱ्यावर अठ्ठावीस. तिथे मला शुक्रवारी लोकांनी दार उघडून धरलं, एकानं तर बिस्कीट दिलं. तिसऱ्यावर दोन मिळाले होते, पण त्या मजल्याची वही गेली. तेव्हा इथे शून्य. सबंध इमारतीत हा एकच मजला पास झाला."

"सगळ्याच चिठ्ठ्या जाळल्यावर शून्यच येणार," आमोदसाहेब पुटपुटले. पण मुख्य कचेरीच्या अहवालात आपला मजला पहिला आलाय, हे हळूहळू त्यांच्या ध्यानात येत होतं. त्यांचे कान लाल झाले. माणूस तिरकस असला तरी खोटा नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"वेणूबाई, मघाशी मी बोललो ते चुकलं. आपण उद्या यायचं. रोज यायचं. आणि संध्याकाळी जाताना प्रत्येक कीबोर्ड उचलून बघायचा. चिठ्ठी सापडली तर बेलाशक चुलीत."

पोरांनी टाळ्या पिटल्या. पूर्वानं वेणूबाईला मिठीच मारली. वेणूबाईचे डोळे भरून आले. इतकी वर्षं ती ह्या जमिनीवर दुसऱ्यांचा केर काढत होती. आज पहिल्यांदा तिला वाटलं, राखण करायला कुणीतरी आपल्याला पुन्हा शेतात उभं केलंय.

दुपारी वाकडला अडकलेला माणूस पोचला आणि सगळ्यांना नवे पासवर्ड मिळाले. साहेब भलतेच खुशीत होते. वेणूबाई टेबल पुसायला आली, तसे ते कौतुकानं म्हणाले,

"आता चिठ्ठीबिठ्ठी काही नाही हं, वेणूबाई. असा झकास पासवर्ड ठेवलाय, की जन्मात विसरणार नाही. आमच्या हिचं नाव, आणि त्यापुढे..."

वेणूबाईनं फडकं टाकून दोन्ही कान गच्च झाकले.

"सायब! आवो, सकाळपासनं घसा फोडून काय सांगत हुते म्या?"