निळ्या देठाची अळंबी

मी एक अळंबी आहे. निदान लोक तसं म्हणतात. माझं मला काहीच नक्की सांगता येत नाही. मित्रांनो, हसू नका! जिच्या अंगातच नशा भिनलेली, तिने खरं काय नि भास काय, हे ओळखायचं तरी कसं?

भिवंडीत, कामतघरच्या चाळींमागे, एका गोदामाच्या भिंतीला टेकून वारूळ आहे. तिथे मी जन्मले. जमिनीतून येणारी कापडाच्या लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खटखट ऐकत वाढले. माझ्या अंगावरून सरपटलेली गोगलगाय स्वतःला रिक्षा समजून वळणावर भाडं शोधायची. मला कुरतडून गेलेला मुंगळा कंटेनर व्हायचा आणि "बाजूला व्हा!" म्हणून ओरडायचा. त्यांना जे दिसे, ते मलाही दिसे. मग रिक्षा खरी की गोगलगाय? देव जाणे.

शेजारच्या अळंब्या खाण्याच्या. मी दिसायला तशीच, फक्त देठ जरासा निळा.

श्रावणात चाळीतल्या आक्का आपल्या नव्या सुनेला, दिपालीला, घेऊन आल्या. त्यांच्या घरात वारुळाची जागा सासू फक्त सुनेला दाखवते. आणि रीत अशी, की अळंबी खुडताना तोंडातून शब्द काढायचा नाही, नाहीतर पुढच्या वर्षी ती रुसते.

दिपालीची बोटं माझ्या देठाशी थबकली. तिने आक्कांकडे पाहिलं, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि मला टोपलीत टाकलं. अगं बाई, विचार की! मी ओरडले, निदान मला तरी तसं वाटलं.

घरी पहिला घास सासऱ्यांचा. चांगदेव पाटावर येऊन बसलेसुद्धा. दिपालीने विळीवर माझा देठ चिरला, निळं पाणी तिच्या बोटांना लागलं आणि टोपलीतल्या अळंब्या छत्र्या सावरत चालू लागल्या. मलाही तेच दिसत होतं.

"आक्का, अळंब्या चालल्या!"

"कुठं चालल्या? येड लागलं काय पोरी?"

"दाराकडं! ती निळी पुढं हाय!"

आक्कांनी तिची बोटं पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला. टोपली तशीच परसात रिकामी केली. "तुला ही दिसली न्हाय?"

"दिसली व्हती. पन बोलायचं न्हाय ना!" दिपाली रडायलाच लागली.

"म्हंजे मी रीतीपायी मेलो असतो," म्हणत चांगदेव पाटावरून उठले.

संध्याकाळपर्यंत दिपालीचे भास निवले. माझी छत्री परसात सुकली, पण वारुळाखालचे माझे मुळांसारखे धागे जिवंत होते. पुढच्या श्रावणात मी पुन्हा डोकं वर काढलं. त्या दोघी आल्या.

आक्कांनी वारुळाला हात जोडले आणि मोठ्याने म्हणाल्या, "दिपाली, बोल. काय दिसतं ते समदं बोल."

"अळंबी रुसली तर?"

"रुसू दे! मानूस जायला नको."

दिपालीने माझ्याकडे बोट दाखवलं. "ही निळी नको."

आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला नको म्हणालं, आणि मला भरून आलं. ती सकाळ खरी की माझाच भास, मला अजून उमगलेलं नाही. मित्रांनो, तुमचं डोकं तरी ठिकाणावर आहे ना? मग शंका गिळू नका. विचारा.