उतारावरची नवी गाडी

दसऱ्याच्या सकाळी साडेदहा वाजता हेमाताई प्रधान स्वतःच्या घरापासून वीस पावलांवर अडकल्या. वीस पावलं म्हणजे तुमच्याआमच्या लेखी काहीच नाही. हेमाताईंना मात्र चार पावलांपुढे चालता येत नव्हतं, आणि तीही कशाला तरी धरून.

एकतीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्या आणि मणक्याचं दुखणं मागे लागलं. ऑपरेशन झालं आणि पायांनीही राजीनामा दिला. दोन वर्षं त्या खोपट भागातल्या आपल्या तळमजल्यावरच्या घरात खिडकीशी बसून गल्लीतली रहदारी बघत होत्या. शेवटी साठवलेल्या पैशांतून त्यांनी बॅटरीवर चालणारी चार चाकांची स्कूटर घेतली. बसायला हाताची खुर्ची, पुढे दांडा, दांड्याला टोपली आणि वेग चालत्या माणसाएवढा. गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव ‘बग्गी’ ठेवलं. हेमाताईंनाही ते आवडलं.

पण बग्गी चालवायची कुठे? रस्त्यावर रिक्षावाले अंगावर येणार, आणि फूटपाथ हातभर उंच. हेमाताईंनी महापालिकेकडे अकरा अर्ज केले, बाराव्यांदा स्वतः बग्गी घेऊन साहेबांच्या दारात जाऊन बसल्या, तेव्हा कुठे फूटपाथच्या दोन्ही टोकांना उतार झाले. आणि मग गंमत बघा. ज्या उतारावरून बग्गी खाली उतरते, त्याच उतारावरून मोटारही वर चढते. आधी लोकांना फूटपाथवर गाडी चढवायची तर चाकाखाली विटा लावाव्या लागत. आता राजरस्ता झाला. शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ तर आवर्जून सांगून गेले, “मॅडम, तुमचा उतार फार उपयोगी पडतो हो.” हेमाताईंना त्यांच्या डोक्यात डस्टर घालावासा वाटला. हाताशी डस्टर नव्हता म्हणून गृहस्थ वाचले.

आज त्या उतारावर एक कोरी करकरीत पांढरी मोटार उभी होती. समोर झेंडूची तोरणासारखी जाड माळ, टपावर लाल रिबिनीचं फूल, सीटवर अजून प्लॅस्टिक आणि चारही चाकांखाली चार लिंबं. भिंतीपासून कठड्यापर्यंत तिनं अख्खा फूटपाथ अडवला होता. धडधाकट माणूस पोट आत ओढून, आरसा दुमडून कसाबसा पलीकडे गेला असता. बग्गीचा प्रश्नच नव्हता.

हेमाताईंनी पाच वेळा पुढेमागे करून बग्गी वळवली आणि आल्या वाटेनं परत गेल्या. तर तेवढ्या वेळात तिकडच्या उतारावर फुलांचा टेम्पो येऊन उभा! ड्रायव्हरचा पत्ता नाही. एका अंगाला सोसायट्यांची भिंत, दुसऱ्या अंगाला लोखंडी कठडा, दोन्ही टोकांना गाड्या. मधली साठ पावलं तेवढी हेमाताईंची. आज दसरा, सीमोल्लंघनाचा दिवस!

त्या पुन्हा पांढऱ्या मोटारीपाशी येऊन थांबल्या. इथून निदान घराची खिडकी तरी दिसत होती.

आता कोणीही म्हणेल, फोन करायचा मुलाला. तीच तर अडचण होती. साकेत घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहायचा. मुलगा गुणी, रोज फोन करणारा. त्याचं एकच पालुपद, आई, आमच्याकडे ये. तिथे खोली तयार होती, एसी होता, खिडकीतून डोंगर दिसत होता. “आणि खाली उतरून जायचं कुठे रे?” हेमाताई विचारायच्या. “लिफ्टपासून बागेपर्यंत आणि बागेपासून लिफ्टपर्यंत?” इथे त्यांना वाचनालय होतं, डेअरी होती, भाजीवाल्याशी भांडण होतं. शेवटी एकदा वाद पेटला तेव्हा साकेत म्हणाला होता, “ठीक आहे. ज्या दिवशी तुझा ‘मी अडकलेय’ असा फोन येईल, त्या दिवशी हे घर बंद. कबूल?” रागाच्या भरात हेमाताई कबूल म्हणून बसल्या. सात महिने झाले. एकदा त्या टेम्पोमागे दीड तास बसून राहिल्या, एकदा पावसात नखशिखान्त भिजल्या, पण तो फोन काही केला नाही. आज साकेत आणि त्याची बायको श्रिया एक वाजता जेवायला येणार होते. श्रीखंड आणि झेंडू आपण स्वतः जाऊन आणलाय, हे त्यांना दाखवायचं होतं.

श्रीखंड टोपलीत होतं आणि ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर चढत होतं.

येणारेजाणारे सल्ले देत होते. सल्ल्याला काय पैसे पडतात! “मावशी, जरा उतरून चाला ना.” “काकू, आज कशाला निघालात गर्दीची?” चार जणांनी बग्गी उचलून कठड्यावरून पलीकडे ठेवायचं मनावर घेतलं, वीतभर उचलली आणि बॅटरीचं वजन कळल्यावर तितक्याच आदरानं खाली ठेवली. एक कॉलेजचा मुलगा म्हणाला, “आंटी, ओनरला बोलवूया ना, नंबर काय आहे?” पण नव्या गाडीला नंबर कुठला? त्यानं मोटारीवर थाप मारायला हात उगारला, तर मागून कोणी तरी ओरडलं, “ए, मुहूर्ताची गाडी आहे, हात नको लावूस.” मुलानं हात मागे घेतला. मोटारीला हात लावायचा नाही, आणि बाईला उन्हात ठेवली तर चालतं! जाताना मात्र प्रत्येक जण आपट्याचं पान देऊन जात होता. “सोनं घ्या, सोन्यासारख्या राहा.” टोपली सोन्यानं भरत आली.

कठड्यापलीकडे रस्त्याच्या कडेला गंगुबाई झेंडू विकायला बसली होती. तिनं गजांमधून पाण्याची बाटली आत दिली.

“ताई, किती येळ बसणार हितं? लेकाला बोलवा की.”

“त्याला नाही बोलवायचं.”

“भांडान झालंय?”

“नाही गं. तो फार चांगला आहे.”

गंगुबाईला यातलं काही कळलं नाही. ती गिऱ्हाइकाकडे वळली.

आणि नेमका फोन वाजला. साकेत. मागे गाड्यांचे हॉर्न, मंडळाचा ढोल. उचलला की त्याला कळणार, आई रस्त्यावर आहे. मग ‘कुठे आहेस’, मग ‘नीट आहेस ना’. खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी फोन श्रीखंडाच्या डब्याखाली सारला. तो पुन्हा वाजला. पुन्हा. चौथ्यांदा वाजला तेव्हा त्यांना रडू येईल असं वाटलं. डावा पाय बधिर झाला होता. खिडकीत वाळत घातलेला स्वतःचा टॉवेल त्यांना स्वच्छ दिसत होता, आणि बाविसाव्या मजल्यावरची ती थंडगार खोलीही दिसायला लागली होती.

साडेअकराच्या सुमारास पांढरी मोटार टूक टूक करून बोलली. दिवे लुकलुकले. मालक आला एकदाचा! टपापलीकडे त्यांना फक्त एक डोकं आणि मोतिया कुडत्याचे खांदे दिसत होते. एकतीस वर्षांचा सगळा आवाज एकवटून हेमाताई कडाडल्या, “अहो, लाज वाटते का? तासभर एक बाई उन्हात कोंडलीय इथं! तुमच्या घरी आई आहे की नाही?”

डोकं वळलं. साकेत होता.

“आई? तू इथे? अगं, किती फोन केले! मी सव्वादहालाच आलेलो. सरप्राइज द्यायचं होतं ना. कुलूप बघितलं, म्हटलं गेली असशील बाजारात. आमच्याकडच्या किल्लीनं उघडलं, श्रिया आत पूजेचं ताट करतेय. तुझ्या हातचं कुंकू लावायचं म्हणून थांबलोय.” त्यानं मोटारीवर प्रेमानं हात ठेवला. “तुझ्यासाठीच घेतली गं. आता तुला त्या बग्गीवर फिरायची गरजच नाही.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. चेहरा तोच होता, चौथीत चित्रकलेचं बक्षीस घेऊन धावत आला होता तो.

“गाडी काढ,” त्या म्हणाल्या.

“काढतो ना, आधी कुंकू...”

“शोरूमपासून इथवर बिनकुंकवाची आणलीस ना? तशीच काढ.”

“अगं, पाच मिनिटांसाठी तर लावलेली.”

सात महिन्यांत हेमाताईंनी हे वाक्य किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल! टेम्पोवाला, दूधवाला, लग्नाच्या हॉलवाले, उताराचं कौतुक करणारे ते गृहस्थ. सगळ्यांची पाच मिनिटं. आज त्यात पोटच्या पोराची भर पडली.

साकेतच्या ते लक्षात आलं असावं. तो गाडीत बसला. लिंबं फटाफट फुटली, मोटार मागे सरकत उतारावरून रस्त्यावर गेली. हेमाताईंनी दांडा धरला आणि बग्गी सुरू केली. चाकं जेमतेम हातभर पुढे गेली असतील, तोच झेंडूच्या माळेची एक काळी मोटार नाक खुपसून त्या मोकळ्या उतारावर चढली. आतून सहा माणसं उतरली, ड्रायव्हरनं “मावशी, पाच मिनिटं हां” म्हणून हात जोडले, आणि हेमाताई “अहो, थांबा!” म्हणेपर्यंत सगळी गर्दीत दिसेनाशी झाली.

रस्त्यावर साकेतच्या मागे एसटी येऊन हॉर्न ठोकत होती. तो काच खाली करून काही तरी ओरडला, पण त्याला थांबता येईना. रांगेनं त्याला पुढे ढकलत नेलं.

फोन वाजला. हेमाताईंनी डब्याखालून काढला, त्याच्यावरची आपट्याची पानं झटकली आणि उचलला.

“आई, मी येतो परत फिरून! तू अडकलीयेस ना?”

“अडकलेय. ऐक नीट, अडकलेय.” हेमाताई म्हणाल्या. “पण तो करार आजपासून रद्द. मला अडकवलंस तू. आता ती गाडी नीट जागा बघून लाव. कोणाच्या दारात नाही, फूटपाथवर नाही. आणि मग चालत ये.”



“हो,” तो म्हणाला.

दहा मिनिटांनी त्याचा परत फोन आला तेव्हा तो एसटी डेपोला वळसा घालून आला होता. वीस मिनिटांनी तो शाळेमागच्या गल्लीत होता. गंगुबाईनं तिच्या टोपल्यावरची छत्री काढून गजांतून हेमाताईंच्या डोक्यावर धरली होती. श्रीखंडाचं पार पाणी झालं होतं. काळ्या मोटारीचे मालक अजून आले नव्हते.

“आई,” साकेतचा आवाज रडवेला झाला होता, “सगळीकडे फिरलो गं. लावायला कुठेच जागा नाही. काय करू?”

“शोध,” हेमाताई म्हणाल्या. “मी कुठे जातेय?”