कोऱ्या रकान्यांचा पाऊस

"जुलैचा पाऊस निम्मा झालाय," यज्ञेश्वरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "काले, तुझ्या पायथनने गिळला की काय?"

"माझ्या नाही. निषादने काहीतरी केलं असणार," कालिंदी म्हणाली. निषाद म्हणजे पुण्याच्या कंपनीतला तिचा साहेब.

महाडच्या घरी जेवणाच्या टेबलावर बापलेकीचे लॅपटॉप समोरासमोर असत. नोकरी तिची होती. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्या किती पावसानंतर हलवायच्या, याचे आकडे कंपनी जिल्ह्याला देणार होती. आकड्यांची साफसफाई कालिंदी पायथन या संगणकाच्या भाषेत करी. अंदाज बांधणारा भाग मात्र आर नावाच्या दुसऱ्या भाषेत होता. तो संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या वडिलांनी लिहिला होता. दोन्ही भाषा एकाच नोटबुकात, म्हणजे संगणकावरच्या एकाच फायलीत, नांदत, पण एकीच्या पोटातलं दुसरीला आपोआप कळत नसे. तक्ता कोडच्या एका ओळीने पलीकडे द्यावा लागे, आणि पलीकडे जाई ती त्याची नक्कल. अलीकडे काही दुरुस्त केलं की तो पुन्हा द्यायचा.

त्या ओळीच्या बरोबर वर निषादने आपली एक ओळ घुसवली होती. जिथे कोरं असेल तिथे शून्य भर. कोऱ्या जागा पलीकडे जाताना कटकट करतात, असं त्याचं म्हणणं. निषादला कोरी जागा सहनच होत नसे. बोलण्यातली तर मुळीच नाही.

यज्ञेश्वरांनी फोन लावला. पलीकडे कुशाबा होता. घाटालगतचा पर्जन्यमापक तो सांभाळायचा.

"कुशाबा, जुलैत एक आख्खा आठवडा तुमच्याकडे ऊन पडलं होतं म्हणे?"

"कुनी सांगला?" कुशाबा उखडला. "घाट बंद व्हता, सायेब. दरड आलेली. मापकापरेंत पोचलोच नाय, तर काय लिवू? कोरा ठेवला."

"पुण्याच्या साहेबांनी शून्य भरलंय."

"मंग त्यांना म्हनावं, या एकदा पावसात. छत्री नाय आनली तरी चालंल."

यज्ञेश्वर खोकला येईपर्यंत हसले. फोन ठेवल्यावर मात्र त्यांचा आवाज चढला. "सगळ्यात जास्त कोसळला तेच दिवस कोरे आहेत. आणि हा गाढव ते कोरडे करून टाकतो! याला पास कोणी केलं?"

"बाबा, हळू. मघाच्या मीटिंगचा माइक चालू असेल."

"असू दे. फुकट शिकायला मिळेल त्याला."

कालिंदीने ती ओळ काढली आणि तक्ता पुन्हा पलीकडे दिला. यज्ञेश्वरांचा भाग चालला. कोऱ्या दिवसांचा अंदाज आजूबाजूच्या मापकांवरून बांधला गेला आणि घाटाखालची एक वाडी नकाशावर लाल झाली.

"उद्या एकदा तपासू, मग पाठव," ते म्हणाले, आणि पिशवी घेऊन बाजारात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते न्हाणीघरात कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मग माणसं येत राहिली. कुणी तिला धीर धरायला सांगितलं, कुणी खुर्चीत रेलून त्यांच्या लॅपटॉपचं आता काय करणार हे विचारलं. एक लांबचे काका म्हणाले, "मरण मात्र छान आलं हो. त्रास नाही, काही नाही." तुम्हालाही येवो, हे कालिंदीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने चहाचा कप पुढे केला.

तेराव्यानंतर ती पहिल्यांदा कामावर बसली, ती थेट जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांसमोरच्या ऑनलाइन बैठकीत. निषादने "टेक केअर हं, कालिंदी, यू आर सो स्ट्राँग," म्हटलं आणि त्याच श्वासात पडद्यावर आपला आलेख आणला.

"आपण आता सगळं पायथनमध्ये घेतलंय. दोन भाषांची ये-जा कशाला? तो आरचा जुना भाग काढून टाकला. बघा, किती स्मूद दिसतंय."

जुलै सपाट पडला होता. तिने काढलेली ती ओळ परत आली होती आणि रकान्यात शून्यंच शून्यं बसली होती. घाटाखालची वाडी हिरवी होती.

"म्हणजे ही वाडी हलवायची गरज नाही?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"डेटा तसंच सांगतोय, सर."

निषाद समाधानाने मागे रेलला. पावसात कधी न भिजलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं, तसं ते समाधान होतं. आरचा भाग कोणी लिहिला, हे कंपनीत इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. कालिंदीनेही सांगितलं नव्हतं. माझं नाव कशाला, पगार तुझा, असं म्हणून यज्ञेश्वर तो विषय उडवून लावत.

तिने माइक चालू केला.

"ती शून्यं खोटी आहेत, सर. त्या दिवसांत मापकापर्यंत माणूस पोचू शकला नव्हता, इतका पाऊस होता. वाडी हलवावी लागेल."

"कालिंदी, आपण हे नंतर बोलूया का? यू आर अंडर स्ट्रेस."

"नाही. आत्ताच." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही जो काढून टाकलात ना, तो कुठला जुना भाग नाही. तो प्राध्यापक यज्ञेश्वर वैद्यांनी लिहिलाय. ते माझे वडील होते. आणि त्यांचा आकडा बरोबर आहे."