झेंड्याचे स्टिकर

हमालानं काचेच्या पेटीची वायर भिंतीतून काढली, तशी सिस्टर आडवी आली.

"ही नाही न्यायची. ही आमची आहे."

सामान न्यायला आलेल्या मदत-संस्थेच्या साहेबांनी पेटीच्या बाजूला बोट दाखवलं. तिथं परदेशी झेंड्याचा निळा स्टिकर होता.

"सिस्टर, वरून हुकूम आहे. मदत बंद झाली. स्टिकर असलेली प्रत्येक वस्तू परत न्यायची."

तो स्टिकर सिस्टरनंच लावला होता. त्या श्रीमंत देशानं वर्षागणिक हात आखडता घेतला. सामान कमी कमी येऊ लागलं, स्टिकर मात्र गठ्ठ्यानं येत राहिले. पाहुणे पाहणीला येत, आपला झेंडा दिसला की खूश होत, फोटो काढत, आणि पुढच्या वर्षीची औषधं मंजूर होत. म्हणून तिनं दवाखान्यातल्या दिसेल त्या वस्तूला झेंडा चिकटवला. लोकांनी वर्गणी काढून आणलेल्या या पेटीलाही. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता बाईनं.

"झाडूला पण लावलाय," दारातून मावशी म्हणाली. ती इथली जुनी आया. "तोही घेऊन जा म्हणावं."

कुणी हसलं नाही. पलीकडच्या खोलीत, सातव्या महिन्यातच कळा सुरू झालेली एक पोर कण्हत होती. बाळ आलं तर त्याला ऊब द्यायला ही एकच पेटी होती.

"चूक माझी आहे, साहेब, स्टिकर मीच लावला. त्या बाळाला कशाला शिक्षा?" सिस्टर म्हणाली.

साहेब ते कण्हणं ऐकत उभे राहिले. मग हमालाला ट्रकपाशी पाठवून खुर्चीत बसले. उद्यापासून त्यांना कामावर जायचं नव्हतं. मदतीबरोबर त्यांची नोकरीही गेली होती.

"चहा टाकू का?" मावशीनं विचारलं.

"नको. नुसतं गरम पाणी द्या."

पाणी आलं. साहेबांनी ते प्यायलं नाही. त्यात रुमाल बुडवला, पिळला आणि पेटीवरच्या स्टिकरवर दाबून धरला. थोड्या वेळानं एक कोपरा सुटला. सिस्टरनं नखानं बाकीचा ओढून काढला आणि वायर पुन्हा भिंतीत लावली. पेटीतला दिवा लागला.

साहेब उठले आणि लसींच्या फ्रिजपाशी गेले.

"तो मात्र खरंच तुमचा आहे, साहेब," सिस्टर म्हणाली. खोटं बोलणं तिच्यानं होईना.

साहेबांनी मान डोलावली आणि रुमाल फ्रिजच्या दारावरच्या स्टिकरवर दाबून धरला.

"पाणी गार झालं, मावशी. अजून थोडं आणा."