उन्नतीचा हात वर होता

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या गावात कुणीही सांगेल. त्यात मी पालक-शिक्षक संघाचा उपाध्यक्ष, शाळेला पंखे दिलेला माणूस, हायवेला वडपे गावाजवळ दोन गोदामं भाड्यानं दिलेला माणूस. म्हणजे शाळेत पाय ठेवला की मुख्याध्यापक स्वतःची खुर्ची पुढं करणार आणि मी ती घेणार. नको म्हणायची सवय मला कधी लागलीच नाही.

आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असा कायदा येणार, येणार म्हणून तेव्हा मास्तर लोकांत नुसती कुजबुज चालली होती. अशात मुख्याध्यापकांचा फोन आला, "केसरीनाथ शेठ, आपल्या शाळेत आकारिक मूल्यमापनाचा नमुना पाठ आहे. सहावीचं गणित. आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक येणार आहेत. तुम्ही पाहिजेच."

आकारिक म्हटल्यावर मला वाटलं, गोल, चौकोन, त्रिकोण असं काहीतरी असणार. बायकोला तसं सांगितलंसुद्धा, तेही अगदी ठासून. सहावीचा वर्ग म्हणजे माझ्या उन्नतीचा वर्ग. मग काय, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, अंगठ्या चढवल्या आणि निघालो.

उन्नतीचं तुम्हाला सांगायला पाहिजे. माझं स्वतःचं गणिताशी कधी जमलं नाही. सातवीत दोनदा आपटलो आणि शाळेला रामराम ठोकला. पण पोरगी? पोरगी एक नंबर! एकोणतीसचा पाढा धडाधड म्हणते, मध्ये श्वाससुद्धा घेत नाही. घरी पाहुणा आला की चहा यायच्या आधी मी हाक मारणार, "उन्नती, ये गं इकडं, म्हण एकोणतीसचा." ती येणार, हात मागं बांधणार आणि म्हणणार. पाहुण्यांची तोंडं उघडी पडायची. मी मिशीतल्या मिशीत हसायचो.

तर पाठ सुरू झाला. शिक्षक मंडळी मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसली होती, मी खुर्चीत. भिवंडीहून आलेल्या स्नेहल गायकवाड मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. तालुक्यातल्या शिक्षकांना ही नवी पद्धत शिकवत त्या फिरायच्या. बाई बारकीशी, आवाज मऊ. त्यांनी आधी दोन शब्द सांगितले. वर्षाच्या शेवटी परीक्षा घेऊन पोराला काय येत नव्हतं हे कळून फायदा नाही, शिकवताना मध्येच विचारायचं, कुणाला समजलं, कुणाला नाही. ज्याला नाही समजलं त्याच्यासाठी तिथंच थांबायचं. एवढंच होतं ते आकारिक का काय ते. गोल नाही, चौकोन नाही. मी जांभई दाबली.

शिकवत होत्या मढवी बाई, उन्नतीच्या वर्गशिक्षिका. अपूर्णांकांची बेरीज. फळ्यावर गणित मांडायच्या, थोडं समजवायच्या आणि वळून विचारायच्या, "ज्याला ज्याला समजलं त्यानं हात वर!"

काय सांगू तुम्हाला! अख्ख्या वर्गाचे हात वर. एक हात खाली असेल तर शप्पथ. मागच्या बाकांवरचे मास्तर एकमेकांकडं बघायला लागले. आणि सगळ्यात वर, अगदी बाकावरून अर्धी उठून, माझ्या उन्नतीचा हात. माझी छाती अशी फुगली!

बाईंनी विचारलं भाविकला. त्यानं बरोबर सांगितलं. पुढचं गणित, परत हात वर, परत उन्नतीचा सगळ्यात उंच. बाईंनी विचारलं रुचिकाला. मग प्रितमला. मग परत भाविकला! अरे, भाविकला दोनदा? आणि माझी पोर हात उंचावून उंचावून थकली तरी बाई तिच्याकडं बघून न बघितल्यासारखं करतायत.

माझं डोकं सटकलं. मागच्या महिन्यात त्या पंख्यांवरून माझं नि बाईंचं जरा वाजलं होतं. पंखे खडखड करतात, पोरांना ऐकू येत नाही, असं त्या सभेत बोलल्या होत्या आणि मीही मग चार शब्द सुनावले होते. म्हटलं, अच्छा! त्याचा राग माझ्या पोरीवर काढता काय?

मी खुर्चीतून उठलो. "बाई, एक मिनिट. माझ्या उन्नतीचा हात कवापासून वर हाय. तिला का न्हाय विचारत?"

 बाईंचा चेहरा एकदम उतरला. "विचारते ना शेठ, विचारते. नंतर."

"नंतर कशाला? आता विचारा. सगळ्यांसमोर विचारा. फळ्यावर बोलवा तिला."

"शेठ, आज राहू द्या," बाई हळूच म्हणाल्या. मला वाटलं, घाबरली! आता तर मी ऐकतो होय? "उन्नती, ऊठ," मी म्हटलं. "जा फळ्याजवळ. दाखव यांना."

उन्नती उठली. माझ्याकडं बघितलं, बाईंकडं बघितलं. पाय ओढत फळ्याजवळ गेली. बाईंनी लिहून दिलं, एक छेद दोन अधिक एक छेद चार. पोरीनं खडू घेतला, बराच वेळ नुसती उभी राहिली, मग भराभरा लिहिलं. वर एक आणि एक, दोन. खाली दोन आणि चार, सहा. उत्तर, दोन छेद सहा.

मी टाळ्या वाजवल्या! होय, मीच. जोरजोरात, अंगठ्या खणखणतील अशा. "बघा! एक नि एक दोन, दोन नि चार सहा. सांगितला न्हाय मी? माझी पोर हाय ती!"

माझ्या टाळ्या एकट्याच वाजत होत्या. मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन् हसलं, मग दुसरं कुणीतरी. भाविकनं तोंडावर हात ठेवला. मी टाळ्या थांबवल्या, पण हात तसेच राहिले, एकमेकांना चिकटलेले. काय चुकलं ते मला कळत नव्हतं आणि विचारायचं कुणाला?

स्नेहल मॅडम पुढं आल्या. हसल्या नाहीत त्या. "दादा, अर्धा किलो साखर घेतली आणि वर पाव किलो घेतली, तर किती झाली?"

"पाऊण किलो," मी म्हटलं. त्यात काय विचारायचं?

"आणि एका भाकरीचे सहा तुकडे केले, त्यातले दोन घेतले, तर अर्धी भाकरी झाली का?"

"न्हाय. अर्धीला तीन लागतील." एवढं बोललो आणि जीभ चावली. अर्ध्यात पाव घातला आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं होतं. माझ्याच तोंडानं मी पोरीला सगळ्यांसमोर चूक ठरवून मोकळा झालो होतो. ती फळ्याजवळ खडू घेऊन उभी, कान लालभडक. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. आणि मला लाज वाटली की माझं काय होतं ते ठरलेलं आहे, मी भडकतो.

"येत न्हाय तर हात कशाला वर केलास गं?" मी ओरडलो. "सगळ्यांत उंच हात! कशाला? माझी शोभा करायला?"

उन्नतीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती रडली नाही. मला समजावून सांगावं तसं म्हणाली, "पप्पा, मी डावा केला होता."

"काय डावा?"

"डावा हात. बाईंनी सांगितलाय ना, पाहुणे आले की सगळ्यांनी हात वर करायचा. ज्याला येतो त्यानं उजवा. ज्याला न्हाय येत त्यानं डावा. मग बाई डाव्यावाल्यांना न्हाय विचारत." ती अगदी सरळपणे सांगत होती, एखादा खेळ समजावून सांगावा तशी. "मी तर उंच केला होता, बाईंना नीट दिसावा म्हणून."

वर्गात पंखे तेवढे खडखडत होते. मढवी बाई टेबलाला धरून खाली बसल्या. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघायला लागले. आणि मागचे हसणारे मास्तर आता हसत नव्हते. बरेचजण माना खाली घालून बसले होते. म्हणजे ही युक्ती काही आमच्याच शाळेची नव्हती, हे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळलं.

स्नेहल मॅडमनी उन्नतीच्या खांद्यावर हात ठेवला. "पाहुणे नसतात तेव्हाही डावा करतेस?"

"हो. आता सवयच झालीय."

"मग बाई काय करतात?"

"दुसऱ्याला विचारतात."

मॅडम मढवी बाईंकडं वळल्या. मला वाटलं आता झाडणार. पण त्यांचा आवाज चढला नाही, तेच जास्त वाईट होतं. "बाई, म्हणजे कुणाला समजलं नाही हे तुम्हाला रोज कळत होतं. आम्ही जे शिकवायला आलोय, ते तुमच्याकडं आधीच होतं."

बाईंनी पदर तोंडाला लावला. खरं सांगतो, मला त्यांची दया आली नाही, बरं वाटलं. चला, माझ्या टाळ्या विसरल्या जातील, सगळ्यांना बोलायला दुसरं मिळालं. असा नालायक विचार मनात आला माझ्या. मी रुमालानं कपाळ पुसलं आणि खुर्चीत नीट बसलो.

तेवढ्यात मॅडमनी पोरीला सहज विचारलं, "आणि घरी गं? घरी पप्पांना, आईला सांगतेस का, मला हे समजलं नाही म्हणून?"

उन्नतीनं मान हलवली. "नाही मॅडम. घरी मला सगळं येतं."

बस्स. कुणी हसलं नाही, कुणी माझ्याकडं बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. दिवाळीत ही पोर पुस्तक घेऊन आली होती माझ्याकडं. पाहुणे बसले होते. "पप्पा, ह्ये समजला न्हाय," म्हणाली. मी म्हटलं, "केसरीनाथच्या पोरीला समजत न्हाय? जा, जा, आधी पाढा म्हण." सगळे हसले होते. तीपण हसली होती, पाढा म्हणाली होती आणि पुस्तक घेऊन आत गेली होती. त्यानंतर ते पुस्तक माझ्यासमोर आलं नाही. मी समजत होतो, पोरीला गरजच पडत नाही.

पाठ कसाबसा संपला. चहा-बिस्किटं न घेताच मी पोरीचा हात धरून बाहेर पडलो. शाळेपासून घर जवळच. वाटेत कुणी नव्हतं तिथं थांबलो, तिच्यासमोर उकिडवा बसलो. कडक इस्त्रीची पँट, पण बसलो.

"उन्नती, खरा सांग. ते अर्ध्या-पावाचा तुला समजला का?"

ती चपलेनं माती उकरत राहिली.

"मी न्हाय ओरडणार. आईची शप्पथ."

"न्हाय," ती म्हणाली. मग धीर करून, "पप्पा, कायपण न्हाय समजला. दिवाळीपासून न्हाय समजत."

"बरा. न्हाय तर न्हाय," मी म्हटलं. "मना पण लिवायचा येत न्हाय ते. आपण दोघा मिळून बघू. बाईंना पण विचारू."

ती हसली. पाहुण्यांसमोर हसते तसं नव्हे. माझं बोट तिनं घट्ट धरलं आणि आम्ही निघालो. माझा जीव एवढा हलका झाला होता की पुन्हा शाळेत जाऊन त्या मढवी बाईंची माफी मागावी असंही वाटून गेलं.

नाक्यावर लडकूची पानाची टपरी. चार माणसं उभी होती तिथं, ओळखीचीच. लडकूनं लांबूनच आवाज दिला, "काय शेठ! कार्यक्रम झाला का? पोरीनं काय केला?"

"काय केला म्हंजे?" माझं तोंड माझ्या आधी बोललं. "गाजवला! फळ्यावर बोलावला तिला. सगळा येतो माझ्या पोरीला!"

"वा, वा," लोक म्हणाले. मी छाती काढून पुढं चाललो. दहा पावलं गेल्यावर लक्षात आलं, माझं बोट मोकळं आहे. उन्नती मागून येत होती, हात मागं बांधून, पाढा म्हणताना बांधते तसे.

घरी गेल्या गेल्या मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. तिचं दप्तर स्वतः उघडलं, गणिताचं पुस्तक काढलं, जमिनीवर बसलो. "ये गं, ये. कुठलं ते? दाखव, काय समजला न्हाय."

ती दारातच उभी राहिली. आधी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं.

"समजला, पप्पा," ती म्हणाली. "येता येता समजला."