भरल्या गाडीचं इंजिन

गेवराईच्या बाजारात ख्वाजाभाईंची मोसंबीची आडत होती. तरुणपणी त्यांनी स्वतः टेम्पो चालवून पार हैदराबादपर्यंत माल नेला होता. त्यामुळे घरची गाडी घ्यायची ठरली तेव्हा कोणती घ्यायची हे तेच सांगणार, यात कुणाला शंका नव्हती. शंका होती ती फक्त अल्ताफला.

अल्ताफ त्यांचा थोरला. आडतीचं निम्मं काम तोच बघायचा. बीडच्या शोरूममध्ये गाडी पसंत पडायला वेळ लागला नाही. पांढरी, उंच, मागं क्रेट ठेवायला जागा असलेली. अडलं ते इंजिनावर. तीच गाडी दोन इंजिनांत मिळत होती. एक लहान, बाराशे सीसीचं पेट्रोल. दुसरं पंधराशेचं डिझेल.

शोरूममध्ये वर्षाराणी नावाची मुलगी गाड्या दाखवायची. लिंबागणेशची होती, बोलायला सरळ. ती म्हणाली, "काका, गावात फिरायला, दोघं-तिघं जायला लहान इंजिन छान हाय. आवाज न्हाई, हलकं चालतं. पण गाडी भरलेली असली, एसी चालू असला, तर ओव्हरटेक करताना जरा विचार करावा लागतो. डिझेलला तसं न्हाई."

"ऐकलं का अब्बा?" अल्ताफ म्हणाला.

"ऐकलं. मी बी गाड्या चालवल्यात."

"मग डिझेल घेऊ."

ख्वाजाभाईंनी मान हलवली नाही. मोटारसायकलवरचा अल्ताफ त्यांच्या डोळ्यांपुढं होता. रानात माल बघायला जाताना तो अशी काही गाडी पळवायचा, की परत येईपर्यंत त्याच्या आईचं, आमिनाबीचं, लक्ष दारातून हलत नसे. "तुझ्या पायाखाली एवढी ताकद नको," ते म्हणाले. "लहानच बरी."

"अब्बा, मोठं इंजिन पळवायला लागत न्हाई. निघायला लागतं. मधी अडकल्यावर निघून जायला."

"मधी अडकायचंच कावून?"

वर्षाराणी हसली. अल्ताफ हसला नाही. पण बापापुढं त्यानं जास्त ताणलं नाही, आणि बाराशेची पेट्रोल गाडी घरी आली. आठवडाभर तो घुश्शात होता. मग रोज सकाळी फडकं घेऊन तीच गाडी पुसायला लागला. बहिणीला, अदिबाला, त्यानंच त्या गाडीवर चालवायला शिकवलं. अदिबा बीडला फार्मसीला होती, हॉस्टेलवर राहायची. सुट्टीला घरी आली की दोघं भावंडं बायपासला जाऊन यायची.

थंडीत उमापूरला आमिनाबीच्या भाचीचं लग्न झालं. दुपारी जेवणं उरकून सगळे परत निघाले. अल्ताफ गाडी चालवत होता, ख्वाजाभाई त्याच्या शेजारी. मागं आमिनाबी, अदिबा आणि गेवराईचीच एक मावशी. डिकीत लग्नघरची भांडी आणि बिर्याणीचा डबा. ऊन लागत होतं म्हणून मावशीनं एसी लावायला सांगितला.

कालव्याच्या पुढं रस्ता सरळ आहे. तिथं त्यांच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला. मागं दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला. बराच वेळ अल्ताफ मागं मागं चालला. मग समोर रिकामं दिसलं तसं त्यानं गाडी उजवीकडं काढली.

पहिली ट्रॉली मागं पडली. दुसऱ्या ट्रॉलीशी आल्यावर समोरून टेम्पो दिसला, आणि तो वेगात होता. अल्ताफनं खालचा गिअर टाकला, पाय दाबला. इंजिन ओरडलं, पण गाडी जागची हलल्यासारखी वाटेना. मागं जायला जागा नव्हती, कारण मागून एक जीप चिकटून आली होती.

"अब्बा, ओढत न्हाई," अल्ताफ म्हणाला.

तेवढंच. ओरडला नाही. आडतीवर वजनकाटा अडकला तर जसं सांगायचा, तसं म्हणाला.

टेम्पो गाडीला अल्ताफच्या बाजूनं धडकला. मावशीचा पाय मोडला, आमिनाबीच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, अदिबाच्या कपाळाला टाके पडले, ख्वाजाभाईंच्या उजव्या मनगटात सळई घालावी लागली. अल्ताफ गेवराईच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला होता.

दफन झालं. लोक येत राहिले, मग यायचे थांबले. आमिनाबीचं हाड जुळत आलं. एका दुपारी ख्वाजाभाई तिच्यासाठी औषध आणि पाणी घेऊन गेले तेव्हा ती भिंतीकडं बघत म्हणाली, "पोरगं मागत होतं ते दिलं असतं तर निघाला असता."

ख्वाजाभाईंनी ग्लास तिच्या उशाशी ठेवला.

"ओढत न्हाई म्हणला. तुमाला म्हणला. मी ऐकलं मागून."

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. ताट वाढून ठेवायची, कपडे धुवायची, त्यांच्या मनगटाला तेलही लावून द्यायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. ते खोलीत आले की दुसऱ्या खोलीत जायची. ख्वाजाभाईंना त्यात अन्याय वाटत नव्हता. तेही तेच म्हणत होते स्वतःला. फक्त मधूनच वाटायचं, की टेम्पो इतका जवळ होता, कोणत्याच गाडीला ते जमलं नसतं. मग वाटायचं, जमलं असतं. आडतीवर बोली चालू असताना त्यांच्या डोक्यात ती सरळ सडक यायची, आणि लोक दोनदा हाक मारायचे.

शेवटी त्यांनी वर्षाराणीला फोन लावला. डिझेल गाडी बघायची आहे म्हणाले. त्यांनी नाव सांगितलं. ती म्हणाली, "काका, मी ऐकलं होतं. यायचं होतं भेटायला. हिंमत झाली न्हाई."

"गाडी घेऊन ये बेटा. गेवराईला. जरा लवकर. साखर कारखाने बंद व्हायच्या आत."

कारखान्याचा आणि गाडीचा काय संबंध, हे तिनं विचारलं नाही.

ती शोरूमची डेमो गाडी घेऊन आली तेव्हा अदिबा सुट्टीवर घरीच होती. ख्वाजाभाईंनी मोसंबीचे भरलेले क्रेट डिकीत ठेवायला लावले. दोन क्रेट मागच्या सीटवर. वर्षाराणी त्या क्रेटच्या शेजारी कशीबशी बसली. अदिबानं हे बघितलं आणि तिच्या लक्षात आलं.

"अब्बा, हे कावून करायलात?"

"भरल्यावर कशी चालते बघायचंय."

"मी न्हाई चालवणार."

"मला ह्या मनगटानं स्टिअरिंग धरवत न्हाई. दुसऱ्या कुणाला सांगू?"

अदिबा ओढणी कमरेला बांधून चालकाच्या जागी बसली. ख्वाजाभाई शेजारी बसले. त्या दिवशी बसले होते तसे. त्यांनी हात पुढं करून एसी लावला.

आमिनाबी दारात आली होती. कुठं निघालेत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण क्रेट बघून तिलाही कळलं असावं. तिनं थांबवलं नाही.

उमापूरच्या दिशेनं जाऊन ते परत फिरले. उसाचा ट्रॅक्टर मिळायला वेळ लागला नाही. तसाच दोन ट्रॉल्यांचा. कालव्याच्या पुढच्या सरळ रस्त्यावर अदिबा त्याच्या मागं आली. रस्त्यावर अजून काचेचा चुरा चमकत होता, किंवा ख्वाजाभाईंना तसं वाटलं.

"समोर रिकामं हाय," ते म्हणाले. "काढ."

तिनं गाडी उजवीकडं घेतली. तिसरा गिअर. इंजिनाचा आवाज भरून आला आणि ख्वाजाभाईंची पाठ सीटला टेकली. पहिली ट्रॉली झरकन मागं गेली. गाडी नुसती ओढत नव्हती, उचलून नेत होती. तरुणपणी टेम्पो चालवलेल्या माणसाला पुढचं सगळं त्या एका ओढीत समजलं. आता दुसरी ट्रॉली, मग ट्रॅक्टरचं चाक, मग मोकळा रस्ता.

आणि आवाज पडला.

गाडी ढिली झाली, दुसऱ्या ट्रॉलीच्या बरोबरीला रेंगाळली, मग मागं राहिली. अदिबानं ब्रेक दाबून ती पुन्हा ट्रॅक्टरच्या मागं घेतली.

"बघितलं अब्बा? हीबी न्हाई निघत."

ख्वाजाभाईंनी खाली बघितलं. तिचा पाय पुन्हा अ‍ॅक्सिलरेटरवर टेकत होता.

"भरल्यावर हिचं बी तसंच हाय," ती म्हणाली. ती बोलत राहिली. "मोठी असती तरी न्हाई निघाला असता तो. कुणीच न्हाई निघालं असतं."

मागं वर्षाराणी खिडकीबाहेर बघत होती. तिनं हीच गाडी कितीतरी गिऱ्हाइकांना चालवून दाखवली असेल. ट्रॅक्टर पुढं जात राहिला आणि तुटलेल्या उसाची पाती काचेवर येऊन आदळत राहिली.

"परत काढू?" अदिबानं विचारलं. तिला ते नको होतं, हे तिच्या मानेवरून दिसत होतं.

"नको," ख्वाजाभाई म्हणाले. "घरी चल."

क्रेट उतरवल्यावर वर्षाराणी निघाली. गाडीत बसताना ती म्हणाली, "काका, मी शोरूममध्ये सांगते, तुमी अजून ठरवलं न्हाई म्हणून. फोन येणार न्हाई."

ते घरात गेले तेव्हा आमिनाबी पलंगावर बसून होती. पुढ्यात निवडायला मेथी घेतलेली, पण एकही काडी निवडलेली नव्हती. तिनं अदिबाकडं बघितलं.

"न्हाई निघाली अम्मी," अदिबा म्हणाली. "तिथंच बघितली. तसाच ट्रॅक्टर होता. मोठीबी न्हाई निघाली."

आमिनाबीनं मग नवऱ्याकडं बघितलं. किती दिवसांनी ती सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होती. "खरं?"

ख्वाजाभाईंना वाटलं, सांगून टाकावं. पोरीनं पाय उचलला. गाडी निघाली असती. आपला पोरगा निघाला असता, आणि आत्ता इथं चहा मागत बसला असता. पण आमिनाबीच्या चेहऱ्यावर काहीतरी सुटायला लागलं होतं, आणि ते पुन्हा आवळायची ताकद त्यांच्यात नव्हती. की स्वतःला वाचवायचा मोह होता? ते त्यांना तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही.

"खरं," ते म्हणाले.

आमिनाबी रडायला लागली. अल्ताफ गेल्यापासून ती अशी मोठ्यानं रडली नव्हती. अदिबा तिला धरून बसली. ख्वाजाभाई दारापाशीच उभे राहिले.

रडणं ओसरल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं. "अल्ताफचे अब्बा, इकडं या."

ते गेले. तिनं त्यांचा सळई घातलेला हात दोन्ही हातांत धरला.

"मी लई वाईट बोलले तुमाला. पोराच्या काळजीनं तुमी लहान घेतलती, अन् मी तुमच्याच माथी मारलं. मला माफ करा."

"असू दे."

"असू दे नको. माफ केलं म्हणा. अल्लाला जाब द्यायचाय मला."

अदिबा मेथीकडं बघत होती. तिनं मान वर केली नाही.

"माफ केलं," ख्वाजाभाई म्हणाले. त्यांचा हात तिच्या हातांत होता आणि तो सोडवून घ्यावा असं त्यांना वाटत होतं, पण त्यांनी तो तसाच राहू दिला.

त्या दिवसापासून आमिनाबी बोलायला लागली. अल्ताफबद्दल सांगायची, कधी हसायचीही. ताट वाढून शेजारी बसायची, अजून भाकरी घ्या म्हणायची. शेजारणींनाही सांगायची, की ह्यांनी स्वतः जाऊन बघितलं, मोठ्या गाडीचंबी चाललं नसतं, ते त्याच्या नशिबातच होतं. शेजारणी मान हलवायच्या. ख्वाजाभाई तेवढ्यात उठून आडतीवर जायचे. काम नसलं तरी जायचे. बोली संपलेल्या रिकाम्या बाजारात क्रेटवर बसून राहायचे. घरी परतल्यावर बायको मायेनं काही पुढं करायची, आणि ते चोरून घेतल्यासारखं घ्यायचे.

आधी त्यांना वाटायचं, तिच्या गप्प राहण्यानं जीव जाईल. आता तिच्या बोलण्यानं जात होता. पण हे कुणाला सांगणार?

सुट्टी संपल्यावर ते अदिबाला बीडच्या एसटीत बसवायला गेवराईच्या स्टँडवर गेले. ऊन चढलं होतं. दोघं शेडखाली उभे राहिले. त्या दुपारबद्दल दोघांत एक शब्दही निघाला नव्हता. ख्वाजाभाईंना विचारायचं होतं, पाय उचलायचं तू आधीच ठरवलं होतंस, का आयत्या वेळी सुचलं. आणि सांगायचं होतं, की पोरी, तू चांगलं केलंस. की वाईट केलंस. यातलं कुठलं, ते ठरत नव्हतं.

"अम्मी काल नीट जेवली?" अदिबानं विचारलं.

"जेवली. दोन भाकरी खाल्ल्या."

"अन् तुमी?"

"मी बी बसलतो तिच्यासोबत."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. कपाळावरचा व्रण उन्हात लालसर दिसत होता. ती काहीतरी बोलणार होती, पण बीडची गाडी फलाटाला लागली आणि लोक दाराकडं धावले. तिनं बॅग उचलली. ख्वाजाभाईंनी डाव्या हातानं बॅगेचा दुसरा बंद धरला आणि गर्दीतून वाट काढत तिला दारापर्यंत नेलं.